बदलताना काय टिकते? : द्रव्य, गुणधर्म व बदल या संकल्पनांच्या मराठी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

शालेय रसायनशास्त्राचा पाया द्रव्य, गुणधर्म आणि बदल या तीन शब्दांवर उभा आहे. उच्च प्राथमिक टप्प्यावर विद्यार्थ्याला हे शब्द व्याख्यांच्या रूपाने मिळतात, उदाहरणांच्या यादीने पक्के होतात आणि ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नातून तपासले जातात. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतील फरकाचा दोन रकान्यांचा तक्ता मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांच्या स्मरणात असतो. भौतिक बदल तात्पुरता असतो व तो उलटवता येतो, तर रासायनिक बदल कायमस्वरूपी असतो व तो उलटवता येत नाही, असे त्या तक्त्याचे सार आहे. हाच विद्यार्थी पुढे अकरावीत ‘रासायनिक समतोल’ या प्रकरणाशी येऊन थांबतो. तेथे त्याला रासायनिक अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालू शकते असे सांगितले जाते. आधीचे पाठांतर चुकीचे होते, असे मात्र त्याला कोणी सांगत नाही. दोन्ही विधाने त्याच्या मनात शेजारी शेजारी राहतात आणि परीक्षेतील प्रश्नाच्या शब्दांवरून तो त्यांपैकी एकाची निवड करतो.

या विसंगतीचे मूळ एखाद्या चुकलेल्या वाक्यात नाही, ते मांडणीच्या क्रमात आहे. बदल म्हणजे काय हे ठरवण्यासाठी बदलताना काय टिकले हे आधी ठरवावे लागते. रूढ मांडणी हा प्रश्न विचारतच नाही. मराठीत हा प्रश्न नेमकेपणाने विचारण्याची शब्दसामग्री उपलब्ध आहे, परंतु ती अचिकित्सकपणे वापरली गेल्याने कित्येकदा तीच अडथळा बनते. या दोन मुद्द्यांची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. येथे ‘रूढ मांडणी’ ही संज्ञा कोणत्याही एका पुस्तकासाठी वापरलेली नाही. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका आणि वर्गातील टिपणे यांतून मिळून जी समजूत तयार होते, तिला उद्देशून ती वापरली आहे.

१. वस्तू, पदार्थ आणि द्रव्य

ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य, ही व्याख्या सर्वपरिचित आहे. तिच्यात दोष नाही. दोष ती एकटी उभी राहण्यात आहे. मराठीत ‘द्रव्य’ या शब्दाभोवती तीन वेगळे अर्थ वावरतात. व्यवहारात द्रव्य म्हणजे धन. उच्चारसाम्यामुळे विद्यार्थ्याला त्यात ‘द्रव’ ऐकू येतो. आणि वैशेषिक दर्शनात पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा व मन ही नऊ द्रव्ये मानली आहेत. त्यांतील काल किंवा आत्मा यांना वस्तुमान नाही.

‘पदार्थ’ या शब्दाची स्थितीही अशीच आहे. घरात पदार्थ म्हणजे खाण्याची वस्तू. जुन्या शालेय मराठीत भौतिकशास्त्राला ‘पदार्थविज्ञान’ म्हणत. वैशेषिकांच्या परिभाषेत तर पदार्थ ही द्रव्याहून व्यापक संज्ञा आहे, कारण गुण, कर्म, सामान्य आणि उत्तरकाळात अभाव हेही तेथे पदार्थच आहेत. आजच्या रसायनात हा क्रम उलटा आहे. येथे द्रव्य ही व्यापक संज्ञा असून तांबे, मीठ, पाणी हे विशिष्ट पदार्थ तिच्यात येतात. एकाच शब्दांनी दोन परंपरांत परस्परविरुद्ध जागा घेतल्या आहेत, याची नोंद परिभाषा शिकवताना सहसा घेतली जात नाही.

असे असले तरी मराठीची एक बाजू भक्कम आहे. वस्तू, पदार्थ आणि द्रव्य हे तीन स्वतंत्र शब्द तिच्याजवळ आहेत. तांब्याचा हंडा ही वस्तू, तांबे हा पदार्थ आणि त्या दोहोंना सामावणारे ते द्रव्य, अशी शिस्त पाळली तर बदलाचे वर्गीकरण आपोआप उलगडते. हंडा चेपला किंवा वितळवून त्याची पट्टी केली, तर वस्तू बदलली, पदार्थ टिकला. हंड्यावर हिरवट थर चढला, तर त्या थरापुरता पदार्थ बदलला. तांब्याचे अणू मात्र त्या थरातही टिकून आहेत. किरणोत्सारी ऱ्हासात एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य होते, म्हणजे तेथे अणूची ओळखही टिकत नाही. प्रत्येक पायरीवर ‘काय बदलले’ याचे उत्तर ‘काय टिकले’ याच्या उत्तरातून मिळते.

भारतीय परंपरेतील दृष्टान्तांचाही येथे विचार करता येतो. सोने आणि दागिना हा दृष्टान्त मराठी संतवाङ्मयाच्या वाचकाला अपरिचित नाही. रूप बदलते, सोने तेच राहते, हा त्याचा आशय भौतिक बदलाला चपखल लागू पडतो. दूध आणि दही हा परिणामवादाचा दृष्टान्त मात्र वेगळ्या जातीचा आहे. दही लागताना दुधातील शर्करेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि आम्लता वाढल्याने केसीन हे प्रथिन साकळते. येथे पदार्थच बदलतो. दर्शनांनी हे दृष्टान्त वेगळ्या हेतूने वापरले, त्यामुळे त्यांतून रसायनशास्त्र काढू नये. तथापि दोन प्रकारच्या बदलांतील भेद मराठी मनाला अगदीच परका नाही, इतके त्यांवरून निश्चित म्हणता येते.

२. गुणधर्म : ओळखीची कसोटी

पदार्थ तोच राहिला की बदलला, हे कशावरून ठरवायचे? याचे उत्तर गुणधर्म हे आहे आणि म्हणूनच गुणधर्माचा पाठ बदलाच्या पाठाच्या आधी येतो. परंतु रूढ मांडणीत गुणधर्मांची केवळ यादी दिली जाते : रंग, वास, चव, आकार, आकारमान, वस्तुमान, घनता, विद्राव्यता, द्रवणांक, उत्कलनांक. या यादीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. आकार, आकारमान व वस्तुमान हे त्या विशिष्ट तुकड्याचे, म्हणजे वस्तूचे गुणधर्म आहेत. घनता व द्रवणांक हे पदार्थाचे गुणधर्म आहेत. तुकडा केवढा आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. सोन्याचा मणी असो वा लगड, घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आणि द्रवणांक सुमारे १०६४ अंश सेल्सिअस हीच राहणार. ओळख पटवण्यासाठी यांपैकी दुसरा वर्गच उपयोगी पडतो. हा भेद न सांगता यादी दिल्याने विद्यार्थी ‘वस्तुमान’ हाही ओळखीचा गुणधर्म समजतो.

रंगाबाबतही सावधगिरी हवी. मोरचुदाचा मोठा स्फटिक गडद निळा दिसतो, तर त्याचीच बारीक पूड फिकट दिसते. रंग बदलला म्हणजे पदार्थ बदलला, हा निकष येथे फसतो.

भौतिक आणि रासायनिक गुणधर्म यांतील भेद समजावण्यासाठी मराठीत एक उत्तम शब्द आहे, तो म्हणजे ‘कसोटी’. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासतो व उमटलेल्या रेघेचा रंग पाहतो; येथे भौतिक गुणधर्माची परीक्षा होते. त्याच रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडला, तर तांब्यासारखा हिणकस अंश विरघळून जातो आणि सोने टिकते. येथे रासायनिक गुणधर्माची परीक्षा होते. पहिल्या परीक्षेत पदार्थ आहे तसा राहतो. दुसऱ्या परीक्षेत त्याचा काही भाग खर्ची पडतो. रासायनिक गुणधर्म हा बदल घडवूनच कळतो. न बदलता तो पाहता येत नाही. गुणधर्म आणि बदल या दोन संकल्पना एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे या एका दगडावर दिसते. तरीही रूढ मांडणीत ही दोन प्रकरणे परस्परांशी संबंध नसल्याप्रमाणे शिकवली जातात.

३. ‘उलटवता न येणे’ हा निकष आणि चुन्याचे चक्र

रूढ तक्त्यातील सर्वांत प्रभावी निकष उलटवता येण्याचा आहे. तो किती टिकतो, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील जुन्या बांधकामाला परिचित असलेल्या चुन्याचे उदाहरण पुरेसे आहे.

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला ती भाजली असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घेतली तर ५६ ग्रॅम चुनकळी मिळते आणि ४४ ग्रॅम वायू निघून जातो. या ५६ ग्रॅम चुनकळीवर पाणी घातले की ती फुलते, पाण्याला उकळी फुटेल इतकी तापते आणि १८ ग्रॅम पाणी आत घेऊन ७४ ग्रॅम विरलेला चुना तयार होतो. वाळूबरोबर घाणीत मळलेला हाच चुना गिलाव्याच्या रूपाने भिंतीवर बसतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो. ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो, आणि शेवटी पुन्हा १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट शिल्लक राहते. खाणीतून जो पदार्थ निघाला, तोच भिंतीवर परत आला.

या चक्रातील तिन्ही पायऱ्या निर्विवादपणे रासायनिक आहेत. प्रत्येक पायरीवर वेगळा पदार्थ तयार होतो, त्याचे गुणधर्म वेगळे असतात आणि वजनाचा हिशेब पूर्णांकांत जुळतो. असे असूनही संपूर्ण प्रक्रिया उलटलेली आहे. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द येथे कोणत्याच पायरीला लावता येत नाही. उलटपक्षी चुनखडीचा दगड फोडून खडी केली, तर तो बदल भौतिक आहे. पण खडीचा पुन्हा दगड होत नाही. काच फुटणे, गहू दळणे, कागद फाटणे ही सर्व भौतिक बदलाची उदाहरणे असून त्यांतील एकही उलटवता येत नाही. निकष दोन्ही बाजूंनी अपुरा ठरतो.

प्रयोगशाळेतील उदाहरणेही हेच सांगतात. निळा मोरचूद तापवला की स्फटिकजल जाऊन पांढरा होतो आणि पाण्याचे थेंब पडताच पुन्हा निळा होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, वायू सोडत राहिल्यास पुन्हा नितळ होते आणि उकळल्यास परत गढूळ होते. मोटारीतील शिसे-आम्ल संचायक घट तर रासायनिक बदल उलटवता येतो यावरच चालतो.

या संदर्भात विज्ञानाचा इतिहास विशेष बोलका आहे. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनज्ञाने १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मॅग्नेशिया आणि चुना यांवरील प्रयोगांत तराजूचा काटेकोर वापर केला आणि भाजताना निघून जाणारी ‘बद्ध हवा’ परत मिळवता येते हे दाखवले. म्हणजे रासायनिक बदलाचे आधुनिक आकलन ज्या प्रयोगांतून घडले, त्यांतील एका महत्त्वाच्या प्रयोगाचा आधारच बदल उलटवता येणे हा होता. पुढे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर १७९८ मध्ये गेलेल्या बर्थोले याने तेथील खाऱ्या सरोवरांच्या काठी सोडियम कार्बोनेटचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांपासून चुनखडी व मीठ मिळते. निसर्गात मात्र मीठ आणि चुनखडी यांच्या विपुल साठ्यामुळे नेमकी उलटी अभिक्रिया घडत होती. द्रव्याच्या राशीवर अभिक्रियेची दिशा अवलंबून असते, हा विचार येथून पुढे आला. गुल्डबर्ग व वागे यांनी १८६४ मध्ये त्याला नियमाचे रूप दिले. जी गोष्ट रसायनशास्त्राला दोन शतकांपूर्वी कळली, तिच्या विरुद्ध विधान प्राथमिक पाठ म्हणून आजही शिकवले जाणे ही साधी त्रुटी मानता येत नाही.

मग हा निकष इतका स्वाभाविक का वाटतो? याचे उत्तर अनुभवात आहे. दूध नासते, पीठ आंबते, लोखंड गंजते, पोळी करपते, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते. या बदलांतून मूळ पदार्थ घरात कोणालाही परत मिळत नाही. मराठीतील ही क्रियापदे ‘गेले ते गेले’ असाच ध्वनी देतात. दैनंदिन अनुभवाचे हे सामान्यीकरण समजण्यासारखे आहे. परंतु ‘घरात परत मिळत नाही’ आणि ‘परत मिळूच शकत नाही’ ही दोन विधाने वेगळी आहेत. गंजापासून लोखंड मिळवण्याचा उद्योग लोहखनिजाच्या रूपाने प्रत्येक झोतभट्टीत चालू आहे. अनुभवाला विज्ञानाकडे नेणे हे शिक्षणाचे काम होय. रूढ तक्ता अनुभवालाच व्याख्येची प्रतिष्ठा देऊन थांबतो.

४. उर्वरित निकष

तक्त्यातील इतर निकषांची तपासणी थोडक्यात करता येते. रासायनिक बदलात उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते, हे खरे. पण पाणी गोठतानाही दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि तो बदल भौतिक आहे. रासायनिक बदलात ‘नवा पदार्थ तयार होतो’ हा निकष बरोबर आहे, तथापि तो एकटा दिला तर वर्तुळाकार होतो. नवा पदार्थ म्हणजे काय, हे गुणधर्मांच्या आधारे सांगितले नाही, तर विद्यार्थी वाफेलाही ‘नवा पदार्थ’ म्हणतो. त्याचे म्हणणे त्याच्या दृष्टीने तर्कशुद्धच असते.

काही उदाहरणे तक्त्यात चुकीच्या रकान्यात बसलेली आहेत. कापूर आणि नवसागर ही संप्लवनाची जोडउदाहरणे म्हणून एकत्र दिली जातात. कापूर खरोखरच स्थायू अवस्थेतून वायू अवस्थेत जातो. त्याचे रेणू तेच राहतात. नवसागर तापवला असता मात्र अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन पावतो, आणि थंड भागावर ते वायू पुन्हा संयोग पावून नवसागर बनतो. डोळ्यांना दिसणारे दृश्य एकच, आतील घटना मात्र वेगळ्या. याउलट मेणबत्ती हे उदाहरण एका रकान्यात बसवणेच चुकीचे आहे, कारण तेथे मेण वितळते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते, असे तीन बदल साखळीने घडतात. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली प्रसिद्ध व्याख्यानमाला याच एका मेणबत्तीवर होती. गुंतागुंत लपवण्याऐवजी ती उलगडणे हा मुलांना शिकवण्याचा मार्ग होऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे.

सीमारेषेवरची उदाहरणे अर्थातच राहतात. मीठ पाण्यात विरघळणे भौतिक मानले जाते, कारण पाणी आटवले की मीठ परत मिळते. पण विरघळताना स्फटिकातील आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात. तेथे आकर्षणाचे जुने बंध सुटतात व नवे जुळतात. या उदाहरणाला एका रकान्यात कोंबण्यापेक्षा वर्गीकरणाची मर्यादा सांगणे अधिक शास्त्रीय ठरेल. सीमारेषा धूसर आहे म्हणून वर्गीकरणच टाकून द्यावे, असे काही अभ्यासक सुचवू शकतील. ते ग्राह्य वाटत नाही. पहाट आणि सकाळ यांमध्ये रेघ ओढता येत नाही, म्हणून रात्र आणि दिवस यांतील भेद नाहीसा होत नाही.

५. क्रियापदांची शिस्त

मराठीतील पारिभाषिक नामांवर आजवर बरीच चर्चा झाली आहे. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी आणि मराठी विश्वकोशाने नामे स्थिर केली. ‘घन’ या शब्दाचे आकारमान, तिसरा घात आणि अवस्था असे अनेक अर्थ होत असताना अवस्थेसाठी ‘स्थायू’ हा शब्द रूढ करणे, हा त्या प्रयत्नांतील समंजस निर्णय होय. परंतु बदल ही क्रिया आहे आणि ती क्रियापदाने सांगितली जाते. क्रियापदांच्या बाबतीत अशी शिस्त आढळत नाही.

बोलण्यात बर्फ ‘विरघळतो’ आणि साखरही ‘विरघळते’. पहिल्या क्रियेत एकच पदार्थ अवस्था बदलतो. दुसऱ्या क्रियेला द्रावक लागतो. ‘वितळणे’ हा शब्द पहिल्यासाठी उपलब्ध असूनही तो सातत्याने वापरला जात नाही. परिणामी चहात टाकलेली साखर ‘पाणी होते’ अशी समजूत तयार होते आणि वितळण्यासाठी साखरेला किती तापवावे लागेल, हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘विरणे’ हे तिसरे क्रियापद याहून घोटाळ्याचे आहे. चुना विरतो तेव्हा प्रखर रासायनिक अभिक्रिया घडते, पण शब्दाचे रूप विरघळण्याच्या शेजारचे असल्याने विद्यार्थी तिला द्रावण होणे समजतो. दुसरीकडे तूप ‘थिजते’, पाणी ‘गोठते’ अशी सूक्ष्म छटा भाषेने सांभाळली आहे, मात्र दोन्ही क्रिया मुळात एकच आहेत हे सांगायचे राहून जाते. पाठ लिहिताना वितळणे, विरघळणे आणि विरणे यांचे अर्थ निश्चित करून ते कटाक्षाने पाळले, तर अर्धा गोंधळ नाहीसा होईल. त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

६. अणू, परमाणू आणि पाकवाद

बदलताना काय टिकते, याचे रसायनशास्त्राचे अंतिम उत्तर अणू हे आहे. जॉन डाल्टन यांच्या १८०८ च्या ग्रंथाने हे उत्तर मांडले : रासायनिक बदलात अणू निर्माण होत नाहीत, नष्ट होत नाहीत, त्यांची केवळ जुळणी बदलते. पण डाल्टन संयुगाच्या लहानात लहान कणालाही अणूच म्हणत. अॅव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये सुचवलेला अणू-रेणू भेद १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कॅनिझारो यांनी आग्रहाने मांडेपर्यंत सर्वमान्य झाला नाही. युरोपला हा शब्दभेद स्थिर करण्यास जवळजवळ अर्धशतक लागले.

मराठीत अणू आणि रेणू अशी जोडी आहे. हिंदीत त्याच संकल्पनांसाठी परमाणु आणि अणु असे शब्द आहेत. म्हणजे हिंदीतला ‘पाण्याचा अणू’ बरोबर असतो आणि मराठीतला चूक. प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी हिंदीतील व्याख्याने ऐकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासमोर एकच शब्द दोन अर्थांनी येतो. मुंबईत अणुशक्तीनगर आहे आणि केंद्र सरकारच्या संबंधित खात्याचे हिंदी नाव ‘परमाणु ऊर्जा विभाग’ आहे; फरक रस्त्यावरच्या फलकापर्यंत पोहोचला आहे, पाठात मात्र त्याला दोन ओळींची टीपही मिळत नाही.

‘परमाणू’ या शब्दाबरोबर कणादाचे नाव येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणाली हा घटक महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आल्याने या विषयाची चर्चा वाढली आहे. ती करताना ‘डाल्टनच्या आधी कणाद’ एवढ्यावर थांबणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. न्याय-वैशेषिकांचा पाकवाद हा याहून कितीतरी मोलाचा दुवा आहे. कच्चा घट भट्टीत भाजल्यावर काळ्याचा तांबडा होतो. हा बदल नेमका कोठे घडतो? वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार उष्णतेने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. नैयायिकांच्या पिठरपाकवादानुसार घट अखंड राहूनच त्यात बदल होतो, कारण भट्टीत ठेवलेला घट तोच आहे अशी आपली प्रत्यक्ष ओळख असते. बदलताना काय टिकते हाच प्रश्न येथे विचारला गेला आहे, आणि तोही बदलाच्या व्याख्येच्या मुळाशी जाऊन.

उत्तर मात्र आधुनिक रसायनाचे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वैशेषिकांच्या मते रंग परमाणूतच असतो व तेथेच बदलतो. आजच्या रसायनानुसार भाजणीत चिकणमातीच्या संरचनेत बद्ध असलेले पाणी सुमारे ५०० ते ६०० अंशांना निघून जाते, लोहाच्या संयुगांचे ऑक्सिडीभवन होऊन तांबडा रंग येतो, आणि या सर्व उलाढालीत कोणताही अणू बदलत नाही. बदलते ती जुळणी. शिवाय या निष्कर्षामागे तराजू आहे, पाकवादामागे तर्क आहे. भाजण्यापूर्वी वाळलेला घट पाण्यात टाकला तर पुन्हा माती होते, भाजलेला घट होत नाही. हा साधा प्रयोग, वरील वाद आणि आधुनिक स्पष्टीकरण ही तिन्ही एकत्र ठेवली, तर परंपरेचा गौरव न फुगवता आणि तिची उपेक्षाही न करता ती रसायनाच्या वर्गात आणता येते.

समारोप

लव्हाझिए यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात ३३ साधे पदार्थ नोंदवले. त्यांत प्रकाश आणि उष्णताद्रव्य होते, तसाच चुनाही होता, कारण त्या वेळेपर्यंत चुन्याचे पृथक्करण कोणाला साधले नव्हते. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विद्युत्-विघटनाने कॅल्शियम वेगळे केले आणि चुना त्या यादीतून कायमचा बाहेर पडला. मूलद्रव्य म्हणजे पृथक्करण जेथे थांबते तो टप्पा, ही लव्हाझिए यांची व्याख्या त्यांच्याच यादीतील चूक दुरुस्त करण्यास पुरेशी ठरली. यादी चुकली तरी व्याख्या टिकली. शालेय रसायनाच्या मराठी मांडणीत नेमके उलटे घडले आहे : उदाहरणांच्या याद्या टिकल्या आणि व्याख्या हरवली.

अकरा-बारा वर्षांच्या मुलाला उलटवता येण्याचा निकष सोपा पडतो, हा त्या मांडणीचा बचाव केला जातो. परंतु ‘वस्तू बदलली की पदार्थ?’ हा प्रश्न त्याहून कठीण नाही. तो मराठी मुलाला त्याच्याच भाषेतील दोन परिचित शब्दांत विचारता येतो, आणि पुढे समतोल, संवर्धन व अणुसिद्धान्त शिकताना तो मागे घ्यावा लागत नाही. पुढच्या वर्गात खोटे ठरणारे सोपे विधान सोपे नसते. त्याची किंमत पुढचा वर्ग मोजतो. ती किंमत मुख्यतः मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत विज्ञान शिकू लागलेला विद्यार्थी देतो. संकल्पनेतला दोष तो आपल्या भाषेतला दोष समजतो आणि मराठीत शिकल्यामुळे आपले रसायन कच्चे राहिले, असा निष्कर्ष काढतो. वस्तू, पदार्थ व द्रव्य यांची शिस्त, पदार्थनिष्ठ गुणधर्मांवर भर, क्रियापदांचे निश्चित अर्थ आणि अणू-परमाणू भेदाची स्पष्ट नोंद, एवढ्या चार गोष्टी पाठात आल्या तरी हा निष्कर्ष निराधार असल्याचे त्याला स्वतःलाच दिसून येईल.